आठवी ब मध्ये सांगितलेली गंमत

माझ्या बायकोला ही गोष्ट माहीत आहे, पण ती मी तिला सांगितलेली नाही. तिला ती एका परक्या माणसाच्या तोंडून कळली — नवी पेठेतल्या कापड दुकानात, माझ्यादेखत. मी स्वतःहून ती आजवर कुणापाशी बोललेलो नाही. भावापाशी नाही, मित्रापाशी नाही. तुमच्यापाशी बोलतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. तुम्ही ओळखीचे असता तर मी गप्पच बसलो असतो. म्हणजे बघा, सांगायला बसलो ते सुद्धा भीत भीतच.

मी गणिताचा मास्तर. आता निवृत्त आहे, जुळे सोलापुरात फ्लॅट घेऊन राहतो. सगळी नोकरी शहरातल्या एका खाजगी शाळेत झाली. मूळचा मोहोळ तालुक्यातला, शेतकऱ्याच्या घरचा. पाढ्यांनी मला शहरात आणलं असं मी नेहमी म्हणायचो, आणि ते खोटं नव्हतं. तोंडी हिशोबात माझा हात कुणी धरायचं नाही. पोरं फळ्यावर लांबलचक गुणाकार मांडायची आणि त्यांनी खडू खाली ठेवायच्या आत मी उत्तर सांगायचो. शाळेत साहेब तपासणीला आले की हेडमास्तर मला मुद्दाम पुढं करायचे. मला ते आवडायचं. खूप आवडायचं. आपलं काहीतरी लोकांनी बघत राहावं, याची चटक वाईट असते — हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

आणि माझ्याच मुलीला बेरीज येत नव्हती.

पल्लवी एकुलती एक. तेव्हा माझ्याच शाळेत, सहावीत होती. मराठीत हुशार, चित्रं सुंदर काढायची, पाठांतर पक्कं. गणितात मात्र काठावर पास. मी म्हणायचो, लक्ष नाही. आळस आहे. दुसरं काय असणार? मास्तरची मुलगी, घरात सकाळ-संध्याकाळ आकडे — तिला न येण्याचं कारणच काय? संध्याकाळी मी तिला समोर बसवायचो, एक उदाहरण घालायचो, आणि ती गप्प बसायची. मी चढ्या आवाजात तेच परत म्हणायचो. आवाज चढवल्यानं आकडे समजतात असं मला खरंच वाटत होतं का? वर्गात चालत होतं, म्हणून घरात. मग तिचं पोट दुखायला लागायचं. गणिताच्या वेळी तिचं पोट नेहमी दुखायचं.

शोभाबद्दल आधी सांगायला हवं. शोभा माझी बायको, माहेर अक्कलकोट. तिच्या माहेरी देवस्थानच्या सेवेतली माणसं, घरात अर्धं कानडी, अर्धं मराठी. शिकली सातवीपर्यंत. तिचं आणि पल्लवीचं फार जमायचं. शाळेतून आली की पल्लवी दप्तर टाकून थेट स्वयंपाकघरात ओट्यावर चढून बसायची आणि दिवसभरातलं सगळं सांगायची. कोण कोणाशी बोलत नाही, कुणाचा डबा कुणी खाल्ला, सगळं. मी पेपर तपासत बाहेर बसलेला असायचो. आतून दोघींच्या हसण्याचा आवाज यायचा. मी आत गेलो की थांबायचा. मला त्याचा राग यायचा का? त्या वेळी विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो.

शोभा घरी ब्लाऊज शिवायची. माप घेताना अंगठा बोटांच्या पेरांवर टेकवत, ओठ हलवत हिशोब करायची. एका रविवारी केसांना तेल लावून घेता घेता पल्लवीनं ते बघितलं आणि विचारलं, "आई, तू पण पेरं मोजतेस?"

"मोजते की. मला असंच जमतंय," शोभा म्हणाली.

त्यावर पल्लवी रडायलाच लागली म्हणे. आणि मग तिनं आईला सगळं सांगितलं. आठ आणि सात किती हे तिला पाठ नव्हतं. प्रत्येक वेळी ती पेरं मोजायची, बाकाखाली, स्कर्टच्या घडीत हात लपवून. हातचा कुठं ठेवायचा ते विसरायची. आणि आकडे ऐकताना तिचा गोंधळ व्हायचा. एकोणतीस म्हटलं की तिला त्यातलं तीस ऐकू यायचं आणि ती तीन आधी मांडून एकोणचाळीस लिहायची. बावन्न म्हटलं की दोन आधी ऐकू यायचा, मग ती दोन आधी मांडायची. इतकी वर्षं ती हे एकटीनं लपवत होती. मास्तरच्या घरात. तिनं आईकडून शपथ घेतली — हे कुणाला सांगायचं नाही. बाबांना तर नाहीच नाही.

शोभानं ती शपथ माझ्यापुरती मोडली. का मोडली? मी गणिताचा मास्तर होतो म्हणून. दुसरं कोण मदत करणार होतं? गच्चीवर मिरच्या वाळत घातल्या होत्या, तिथं तिनं मला बोलावलं, दार लोटून घेतलं आणि सांगितलं. म्हणाली, "तुम्हाला माहीत आहे असं तिला दाखवू नका. ओरडू नका. हळूहळू शिकवा. माझा भरवसा मोडू नका बघा."

मी म्हणालो, "मी काय लहान आहे का?"

हे माझं वचन होतं. असल्या शब्दांत दिलेलं. पण वचनच होतं, त्यात शंका नाही.

तुम्हाला वाटेल की मला मुलीची दया आली असेल. मी पण तुम्हाला तसंच सांगणार होतो, पण इथवर आलोय तर आता खोटं कशाला? मला दया आली नाही. मला माझी लाज वाटली. तपासणीला येणाऱ्या साहेबांचे चेहरे डोळ्यांसमोर आले. स्टाफरूम आठवली. माझी मुलगी बाकाखाली पेरं मोजते — कुणी बघितलं तर? ते पेरं मोजणं मला एखाद्या घाणेरड्या सवयीसारखं वाटलं. आणखी एक गोष्ट होती. तिनं ते आईला सांगितलं, मला नाही. हे मला टोचत होतं. ज्याचं घर गणितावर चालतं त्याला सोडून, सातवी शिकलेल्या आईला सांगितलं.

आता ते आठवी ब चं सांगतो. सारखं बाजूबाजूनं जातोय, मला कळतंय.

मधल्या सुट्टीनंतरचा तास होता. पोरं जेवून सुस्तावलेली. उन्हाचे दिवस, वर पंखा नुसता आवाज करत होता. बीजगणित शिकवत होतो, पण एका पोराचं घोडं साध्या वजाबाकीतच अडलं. श्रीनिवास नावाचा मुलगा, विणकर कुटुंबातला, घरात तेलुगू बोलणारा. फळ्यापुढं उभा होता आणि दशकाकडून उसना घेताना त्याचे हात थरथरत होते. वर्ग कंटाळला होता. माझ्याकडं कुणी बघत नव्हतं. आणि मला — हेच ते — मला वाटलं, यांना हसवावं.

मी म्हणालो, "घाबरू नको रे. तुझं काय घेऊन बसलास? माझ्या घरात एक कन्यारत्न आहे." पहिल्या बाकांवरची पोरं ताठ बसली. मग मी थांबलो नाही. टेबलामागं खुर्चीवर बसलो, हात टेबलाखाली घेतला, मान खाली घातली आणि डोळे मोठे करून, ओठ हलवत, अंगठा पेरांवर टेकवत मोजायला लागलो. आठ आणि सात... नऊ... दहा... मध्येच दचकून इकडंतिकडं बघितलं, कुणी बघत तर नाही ना. परत सुरू. तिनं आईला सांगितलेलं, आईनं मला सांगितलेलं, सगळं मी वापरलं. एकोणतीसचं सुद्धा. वर्ग लोळायला लागला हसून. श्रीनिवास पण हसला. शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. तास फार छान झाला असं मला वाटलं. त्या दिवशी मी शीळ वाजवत स्टाफरूममध्ये गेलो — हे मला अजून आठवतं.

तिचं नाव मी घेतलं नव्हतं. पण शाळेत माझी एकच मुलगी होती.

आठवीतल्या पोरांच्या बहिणी सहावीत असतात, हे मला माहीत नव्हतं का? दुसऱ्याच दिवशी पल्लवी वर्गात शिरली तेव्हा मुलींनी हात वर केले आणि सगळ्या मिळून अंगठे पेरांवर टेकवायला लागल्या. कुणी काही बोललं नाही, सरांच्या मुलीपुढं सरांचं नाव कोण घेणार? नुसते हात. पुढं बरेच दिवस हे चाललं. रांगेत, नळावर, प्रार्थनेला. हे मला तिनंच सांगितलं, पण खूप नंतर. का मला सांगितलं, ते पुढं येईलच.

त्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली ती ओट्यावर चढली नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. मी पाटावर बसलो होतो, ताटात भाकरी होती. तिनं आईला विचारलं, "तू कुणाला सांगितलंस?"

शोभाला कळेना. "काय सांगितलं, बाळा?"

"पेरांचं. सगळ्या शाळेला कळलंय. तुला एकटीलाच सांगितलं होतं मी."

शोभानं माझ्याकडं बघितलं. ती नजर — तिला नाव देता येत नाही. तिनं संशयानं बघितलं नाही, मदतीसाठी बघितलं. म्हणजे मी काहीतरी बोलावं, सावरावं. आणि मी बोललो. माझा हात भाकरीवर तसाच होता. मी म्हणालो, "शोभा, तू मंदाला फोनवर बोलली असशील की. तिचा पोरगा आमच्याच शाळेत आहे."

मंदा म्हणजे शोभाची धाकटी बहीण, अक्कलकोटलाच दिलेली. तिचा मुलगा वसतिगृहात राहून आमच्या शाळेत शिकत होता. आणि शोभा खरंच मंदाला बोलली होती. बहीण बहिणीपाशी मन मोकळं करते तसं — पोरीचं असं असं आहे, काय करावं कळत नाही. मला ते माहीत होतं, कारण मी बाजूच्या खोलीतून ऐकलं होतं. म्हणूनच ते नाव माझ्या तोंडात इतकं तयार होतं. मी विचार करून ते नाव शोधलं नाही. ते आपोआप आलं, पाढ्यातलं पुढचं उत्तर यावं तसं.

शोभाचा चेहरा पडला. ती म्हणाली, "मंदाला... हो, मंदाला बोलले मी. पण—"

पल्लवी पुढचं ऐकायला थांबली नाही.

नंतर शोभानं मला एकदा विचारलं. एकदाच. "तुम्ही तर कुठं बोलला नाहीत ना?" मी म्हणालो, "वेड लागलंय का तुला?" आणि मी रागावलो. खोटा राग नव्हता तो, हेच मला आज सुद्धा चक्रावून टाकतं. तिनं माझ्यावर शंका घेतली याचा मला खरोखर राग आला होता.

तिनं मंदाला फोन लावला. मी खोलीत होतोच. मंदाचा आवाज रिसिव्हरबाहेर येत होता — "अक्का, देवाशप्पत मी पोराला काय बोलले न्हाई. बोलले असते तर बोलले म्हणले असते की!" शोभानं विश्वास ठेवला नाही. ठेवणार कशी? मंदा नाही तर मग उरलं कोण? शोभा तिला नको नको ते बोलली. आई गेल्यावर ज्या बहिणीला हिनं अंगाखांद्यावर वाढवलं, तिला म्हणाली की तुझं तोंड बघायचं नाही मला. मग दोघींचं येणंजाणं तुटलं. मंदाच्या मुलाच्या लग्नात आम्ही अक्षता टाकून, न जेवता परत आलो. गाडीत शोभा खिडकीबाहेर बघत होती. मी तिला म्हणालो, "जाऊ दे, माणसं अशीच असतात." असं मी म्हणालो. मी.

आणि आता जे सांगतो ते मला यातलं सगळ्यात वाईट वाटतं. पल्लवी माझ्याकडं आली.

थोड्या दिवसांनी, एका सकाळी, मी दाढी करत असताना ती मागं येऊन उभी राहिली. आरशातूनच बोलली. "बाबा, तुम्हाला पण कळलंच आहे आता. मला शिकवाल का? ओरडू नका फक्त." मग म्हणाली, "आईला नको सांगायला."

मी तिला शिकवलं. आयुष्यात कुणाला शिकवलं नसेल तसं शिकवलं. कधी आवाज चढवला नाही. चिंचोके घेऊन बसायचो आम्ही. तिला पाढे पाठ कर म्हणालो नाही. आधी दहा पुरे करायला शिकवलं. आठात सात मिळवायचे? आठाला दोन हवेत दहा व्हायला, ते सातातून दे, उरले पाच, म्हणजे पंधरा. ती चिंचोके सरकवायची आणि तिला दिसायचं. बावन्नातून सत्तावीस? उसना नको, हातचा नको. सत्तावीसपासून चालत निघ. तिसापर्यंत तीन, पन्नासापर्यंत वीस, वर दोन. पंचवीस. आणि एकोणतीस म्हणजे तीसला एक कमी, तीसच्या दारात उभा असलेला, अजून आत न गेलेला — असं सांगितल्यावर ती हसली आणि परत कधी चुकली नाही. इतकी वर्षं मी पोरांना एकोणतीस, एकोणचाळीस घोकायला लावलं होतं, पण कानाला हे आकडे कसे फसवतात हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

ती शिकली. दहावीला गणितात चांगले गुण पडले. पुढं औषधनिर्माणशास्त्र केलं, आता पुण्यात एका कंपनीत आहे, चांगल्या हुद्द्यावर. लोक मला म्हणाले, सर, पोरीवर काय मेहनत घेतली तुम्ही! घेतली होती. पण कशाच्या जोरावर? मी तिचा विश्वास मोडला, त्याचा आळ तिच्या आईवर घातला, आणि आईवरचा उडालेला तो सगळा विश्वास माझ्या पदरात पडला. तो मी घेतला. वर त्याचा मला आनंद झाला. संध्याकाळी हसण्याचा आवाज आता बाहेरच्या खोलीतून यायचा आणि शोभा आत एकटी भांडी लावत असायची.

तिनं आईशी भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. तिनं नुसतं सांगणं बंद केलं. जेवायला काय आहे, वेणी घालून दे, बस कधी आहे — एवढंच. तिची पाळी सुरू झाली ते शोभाला शेजारच्या काकूंकडून कळलं. शोभा त्या दिवशी ब्लाऊजच्या कापडावर खडूनं रेघ मारत होती. काकू सांगून गेल्यावर ती त्याच रेघेवरून पुन्हा पुन्हा खडू ओढत राहिली. मी बघितलं. मी बघितलं आणि पेपर तपासत राहिलो. पल्लवीनं स्वतःचं लग्न ठरवलं तेही आधी मला सांगितलं, कितीतरी महिने. शोभाला कळलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "मुलगा चांगला आहे ना?" आणि मला, नंतर — "माझं काय चुकलं होतं एवढं? एका बहिणीला तर बोलले होते."

तेव्हा सांगता आलं असतं. आधीही आलं असतं. दर वर्षी, दर सणाला, कधीही आलं असतं. का नाही सांगितलं? उशीर झाला असं वाटायचं. आणि त्या वाटण्यानंच रोज आणखी उशीर होत गेला.

मग गेल्या वर्षी पल्लवीला दिवस गेले. डोहाळजेवण सोलापुरात करायचं ठरलं. शोभामध्ये मी कित्येक वर्षांत बघितला नव्हता असा उत्साह आला. म्हणाली, बाळंतपणाला माहेरीच येईल की ती, महिनाभर माझ्याजवळ राहील. ते बोलताना तिचा आवाज हलका व्हायचा. हिरवी साडी घ्यायला आम्ही नवी पेठेत गेलो.

दुकानात गादीवर बसून शोभा साड्या बघत होती, एवढ्यात कुणीतरी माझ्या पायाला हात लावला. तिशी ओलांडलेला, गोल चेहऱ्याचा माणूस. बरोबर बायको आणि शाळेच्या गणवेशातला मुलगा.

"सर, वळखलं का? आठवी ब. श्रीनिवास. फळ्यापुढं थरथर कापणारा!"

मला त्याला थांबवायचं होतं. पण काय म्हणून थांबवणार? तो मुलाला पुढं ओढून म्हणाला, "ह्याला पण वजाबाकी येत न्हाई बगा सर. मी म्हणतो, घाबरू नको, आमच्या सरांची सोताची मुलगी बाकाखाली पेरं मोजायची. सरांनीच आमाला वर्गात करून दावलं हुतं. काय ॲक्टिंग केलती सर तुमी! अजून आमी पोरं भेटलो की काढतो तो तास."

तो प्रेमानं बोलत होता. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं.

शोभानं हातातली साडी खाली ठेवली. तिनं त्याला अगदी हळू विचारलं, "सरांनी स्वतः सांगितलं होतं?"

"व्हय काकू, सोताच. ते एकोणतीसचं पण. लई हसलो आमी."

"बरं," शोभा म्हणाली. मग तिनं त्या मुलाच्या गालावरून हात फिरवला आणि दुकानदाराकडं वळून म्हणाली, "ती काठाची दाखवा हो, बाजूची." तिनं साडी निवडली. पदर उलगडून उजेडात बघितला. मी पिशवी धरून उभा राहिलो. 

घरी येऊन तिनं साडी कपाटात ठेवली, हातपाय धुतले, माझ्यासमोर येऊन बसली. मला वाटलं ओरडेल, रडेल. मी मनातल्या मनात काही वाक्यं जुळवून ठेवली होती — तरुण होतो, चूक झाली, सांगायचं राहून गेलं. त्यातलं एकही मला बोलावं लागलं नाही.

ती म्हणाली, "मंदाला मी फोनवर काय काय बोलले ते तुम्ही ऐकत होता. त्याच खोलीत होता तुम्ही."

मी मान हलवली.

तिनं मांडीवरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "पल्लवीला सांगू नका."

मी वर बघितलं.

"तिचं माझ्यावरनं मन कधीच उठलंय. आता तुमच्यावरनं पण उठलं तर तिला काय राहील? पोटुशी बाई आहे ती. एक तरी माणूस असू दे तिला."

मला त्या वेळी काय वाटलं ते सांगतो. त्यासाठीच हे सगळं सांगायला बसलोय. मला बरं वाटलं. छातीवरून धोंडा उतरावा तसं. माझ्यासमोर बसलेल्या बाईचं मी काय काय घेतलं होतं — मुलगी, बहीण, एवढी वर्षं — आणि ती मला आणखी एक गोष्ट देत होती, माझ्यासाठी नाही, मुलीसाठी, तरी मिळत होती मलाच. मी 'नाही' म्हणू शकलो असतो. नाही शोभा, तिला मी सांगतो, आत्ता सांगतो. मी म्हणालो, "तू म्हणशील तसं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटी एसटीनं अक्कलकोटला गेली. मी सोडायला येतो म्हणालो तर "नको" म्हणाली. संध्याकाळी परत आली तेव्हा डोळे सुजलेले होते. तिथं काय झालं ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

डोहाळजेवणाला मंदा आली. केस सगळे पांढरे झालेत तिचे. तिनं पल्लवीची ओटी भरली, बायकांना वाढलं, मला पाण्याचा तांब्या आणून दिला. देताना माझ्याकडं बघितलं नाही. ती स्वयंपाकघरात शोभाशी कानडीत काहीतरी बोलत होती आणि शोभा हसत होती.

बायका जेवायला बसल्यावर पल्लवी माझ्याजवळ येऊन बसली. हिरव्या साडीत, दमलेली. स्वयंपाकघराकडं बघून हळूच म्हणाली, "बाबा, मंदामावशीला आईनं कसं काय बोलावलं? एवढं सगळं तिच्यामुळंच झालं ना? आणि आईला त्याचं काहीच नाही."

आतून भांड्यांचा आवाज येत होता. दार उघडंच होतं.

मी म्हणालो, "जाऊ दे बाळा. फार जुनं झालं ते."

"तुम्ही सगळ्यांना माफ करता," ती म्हणाली आणि तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं.

मी ते टेकवू दिलं.